टेकवलेली बंदूक आणि तिसरा टेकू

सराव आटोपला होता. मी दुनळी बंदूक जीपच्या मागच्या मडगार्डला टेकवली, काडतुसांची पिशवी डिकीत ठेवली आणि डिकीचं झाकण नेहमीसारखं आपटलं. जीप जराशी हलली. नळी चकचकीत पत्र्यावरून कडेला सरकत गेली, दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा भाग, खडीवर गर्रकन फिरला आणि बंदूक नळीच्या बाजूनं दगडावर आदळली. शेजारी दोघं जण बूट बदलायला वाकले होते. बंदूक रिकामी होती, पण मिटलेली होती, आणि त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर "रिकामी आहे" असं मला शपथेवर सांगता आलं नसतं. माझी खरी चूक ही. नळीला वाटाण्याएवढा पोचा आला, तो कारागिराकडून काढून घेतला. वाकलेले ते दोघं आणि त्यांच्या डोक्यांवरून फिरलेलं नळीचं तोंड मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

टेकवलेली बंदूक म्हणजे कोणाच्याच हातात नसलेली बंदूक. हातात असते तोवर ती कुठे रोखायची हे आपण ठरवतो. पडताना ती कुठून कुठे फिरेल हे वारा, उतार, कुत्रा किंवा गाडीचा धक्का ठरवतो. म्हणून मी दोन गोष्टी कधीच सोडत नाही. हातातून सुटण्याआधी बंदूक रिकामी आणि उघडी असते, आणि तिला दोन नव्हे तर तीन टेकू असतात. तिसरा टेकू मिळत नसेल, तर ती आडवी ठेवतो किंवा सरळ पिशवीत घालतो. या लेखात हेच नीट उलगडून सांगतो.

ती पडते कशी

लांब नळीची बंदूक टेकवली की ती दोन जागी टेकलेली असते: खाली दस्त्याचा तळ आणि वर नळीचा एक ठिपका. नळी गोल, गाडीचा पत्रा बाकदार आणि पॉलिश केलेला. गोलाला गुळगुळीत बाकदार पृष्ठभाग टेकला की स्पर्श एका बिंदूपुरताच होतो, आणि त्या बिंदूला डावीउजवीकडे अडवणारं काहीच नसतं. पुढे पडायला भिंत आडवी येते, कडेला पडायला कोणी आडवं येत नाही. म्हणून टेकवलेल्या बंदुका बहुतेक वेळा कडेलाच जातात.

त्यात गाडी ही भिंत नाही, हे आपण विसरतो. ती स्प्रिंगांवर उभी असते. कोणी आत बसलं की पत्रा खाली दबतो, उतरलं की वर येतो. दार आपटलं की हिसका बसतो, इंजिन सुरू झालं की थरथर लागते, शेजारून मोठा ट्रक गेला तरी सगळी गाडी झुलते. प्रत्येक वेळी तो एकुलता एक बिंदू थोडा थोडा सरकतो. बंदूक लगेच पडत नाही, पाचव्या दहाव्या धक्क्याला पडते, आणि तोवर आपलं लक्ष उडालेलं असतं.

कल किती हवा, हाही प्रश्न आहे. बंदूक अगदी उभी ठेवली तर जराशा वाऱ्यानं ती मागे, म्हणजे आपल्याच अंगावर येते. फार तिरकी ठेवली तर दस्ता पुढे घसरत जातो. सव्वा मीटरच्या आतबाहेर लांबीच्या बंदुकीचा दस्ता टेकूच्या पायथ्यापासून साधारण वीत-दीड वीत पुढे असला की कल बरा जमतो. दस्त्याच्या तळाला रबरी गादी असेल तर ती मातीत, लाकडावर धरून राहते. प्लॅस्टिकचा किंवा धातूचा तळ फरशीवर आणि ओल्या दगडावर साबणासारखा सरकतो.

आणखी एक बारकी गोष्ट फार कमी लोक बघतात. बंदुकीची कोणती बाजू टेकूकडे आहे? दस्ता नळीच्या रेषेपेक्षा खाली उतरलेला असतो, त्यामुळे मधला जड भाग, म्हणजे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा), चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची पोकळी) आणि त्यावरची दुर्बीण, दस्त्याच्या तळापासून नळीच्या तोंडापर्यंत काढलेल्या रेषेच्या वरच्या अंगाला येतो. चापाची बाजू टेकूकडे केली तर हे वजन रेषेच्या बाहेर, डोईजड होऊन बसतं आणि बंदूक गिरकी घ्यायला बघते. नेमाची, म्हणजे वरची बाजू टेकूकडे केली की तेच वजन रेषेखाली लटकतं आणि बंदूक जागी बसते. मात्र दुर्बीण असेल तर दुर्बीण टेकता कामा नये, नळीच टेकली पाहिजे. ठेवून झाल्यावर एका बोटानं कडेला हलकंच ढकलून बघा. परत जागेवर आली तर ठीक. ढकलली तिकडे निघाली तर ती जागा सोडा.

"सेफ्टी लावलेली आहे ना"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं. सेफ्टी म्हणजे चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ. कितीतरी शॉटगनमध्ये, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकांत, ती फक्त चाप अडवते. आतला हॅमर, म्हणजे ठोका मारणारा हातोडा, ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर एका छोट्याशा खाचेत अडकलेला असतो, त्याला सेफ्टी हातही लावत नाही. बंदूक कडक जमिनीवर आपटली की धक्क्यानं ती खाच निसटू शकते. चाप कोणीच ओढलेला नसतो, सेफ्टी जागच्या जागी असते, आणि बार उडतो. चांगल्या बनावटीच्या काही दुनळ्यांत निसटलेला हॅमर वाटेत झेलणारी दुसरी अडवणी असते, पण ती प्रत्येक बंदुकीत नसते. खाच झिजलेली असेल किंवा कोणी चाप हलका करण्यासाठी ती कानशीनं घासली असेल, तर धोका आणखी वाढतो.

काही अर्धस्वयंचलित रायफलींत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडाला टोचून बार उडवणारी सुई) मोकळी असते, तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. अशा रायफलीचा जोराचा आघात टाळलेलाच बरा. बाहेर हॅमर असलेल्या जुन्या बंदुका तर पडताना नेमक्या हॅमरवरच आपटू शकतात. जुन्या धाटणीच्या सिंगल ॲक्शन (आधी अंगठ्यानं हॅमर ताणून मग चाप ओढायच्या) रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर खाली असताना तो फायरिंग पिनसकट काडतुसावरच टेकलेला असतो. म्हणून जाणकार माणसं सहा घरांपैकी हॅमरखालचं घर रिकामं ठेवत आली. रूगर कंपनीनं १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार (चाप ओढला तरच हॅमरचा ठोका फायरिंग पिनपर्यंत पोहोचवणारी पट्टी) आणला, तेव्हा त्या कंपनीच्या नव्या रिव्हॉल्व्हरांतला हा दोष दूर झाला. त्याआधीच्या बनावटीची रिव्हॉल्व्हरं आजही लोकांकडे आहेत.

या सगळ्याचा अर्थ एवढाच: भरलेली बंदूक टेकवायची नाही. कितीही थोड्या वेळासाठी नाही, कितीही भक्कम जागा असली तरी नाही.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या शिकार कायद्यानं हे शब्दांतच बांधलं आहे. भरलेली बंदूक गाडीच्या आत, गाडीवर किंवा गाडीला टेकवून ठेवायला तिथे मनाई आहे, मग गाडी चालती असो की उभी. "टेकवून" हा शब्द कायद्यात वेगळा लिहिला आहे, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते परवान्याच्या अटींत आणि स्थानिक नियमांत वाचून घ्या. गाडीतली आणि गाडीजवळची बंदूक यांबद्दलचे नियम जागोजागी बदलतात.

टेकवण्याआधी: रिकामी करणं

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आधी नळीचं तोंड अशा दिशेला करा जिथे गोळी सुटलीच तरी कोणाला लागणार नाही. बोट चापाबाहेर, चापाच्या कड्याच्या वर, सरळ ठेवलेलं. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा साठा असलेली पेटी, असेल तर ते सगळ्यात आधी काढा. इथे लोक गडबड करतात. आधी बोल्ट ओढून चेंबरमधलं काडतूस काढलं आणि मॅगझिन तसंच राहिलं, तर बोल्ट पुढे जाताना नवं काडतूस आत ढकलतो. माणूस समजतो रिकामी केली, आणि ती भरलेली असते. म्हणून आधी मॅगझिन, मग बोल्ट.

बोल्ट मागे ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर पडू द्या. मग आत बघा. नुसतं बघून भागत नाही. संध्याकाळच्या उजेडात, पावसात, थकलेल्या डोळ्यांना काडतुसाची पितळी कड चेंबरच्या कडेसारखीच दिसते. करंगळी आत घालून चाचपा. गार, मोकळी, गोल पोकळी बोटाला लागली पाहिजे. मॅगझिनच्या तोंडातही बोट फिरवा. नळीखाली नळकांड्यासारखं मॅगझिन असेल, तर काडतुसं पुढे ढकलणारा रंगीत तुकडा तोंडाशी आलेला दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर आत कुठेतरी काडतूस अडकलेलं आहे.

दुनळी असेल तर मोडून, म्हणजे बिजागरीवर नळ्या खाली वाकवून, उघडा, दोन्ही काडतुसं काढा आणि ती खिशात ठेवा, हातात नको. बोल्ट ॲक्शन, म्हणजे हातानं बोल्ट ओढायची रायफल असेल तर बोल्टच काढून खिशात टाकणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग. रायफल पडली, कोणी उचलली, कुत्र्यानं तुडवली, तरी बोल्टाशिवाय ती उडणार नाही. ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर निपलवरची, ठिणगी पाडणारी टोपी काढा. चकमकीची असेल तर कानातली, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्रापाशी पेटवायला ठेवलेली दारू झटकून टाका. नळीतला बार मात्र तसाच राहतो, म्हणून ठासलेली बंदूक टोपी काढूनही टेकवू नका, आडवीच ठेवा आणि तोंड मोकळ्या दिशेला राहू द्या.

आता ती उघडी राहू द्या. बोल्ट मागे, दुनळी मोडलेली. लांबून येणाऱ्या माणसालाही दिसलं पाहिजे की ही रिकामी आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या स्पर्धांत रायफल आणि पिस्तुलाच्या चेंबरमध्ये भडक नारिंगी झेंडी घालायचा नियम आहे, तो याचसाठी. ती प्लॅस्टिकची झेंडी स्वस्त असते, चार-पाच घेऊन पिशवीत टाकून ठेवा. माझ्याकडे आता झेंडीशिवाय कुठलीही रायफल हातातून सुटत नाही.

मोडलेली दुनळी टेकवता येत नाही, ही तक्रार खरी आहे. मोडली की ती वाकडी होते आणि उभी राहत नाही. त्यावर उपाय तिला मिटवणं नाही. मोडलेली दुनळी हाताच्या कोपरावर टाका, नाहीतर खाचा असलेल्या रॅकमध्ये ठेवा, नाहीतर पिशवीत घाला. मिटवून टेकवायची वेळ आलीच तर सोबत्याला उघडी दाखवा, त्यानं "रिकामी" म्हटल्यावर मिटवा. तो मोठ्यानं उच्चारलेला शब्द फार कामाचा असतो.

जागा निवडणं

जिथे शक्य आहे तिथे तिसरा टेकू शोधा. जुन्या सैन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. मैदानावर बंदुका ठेवायच्या तर शिपाई त्या एकेकट्या कशालाही टेकवत नसत. तीन बंदुकांची तोंडं वर एकत्र अडकवून तिवई करत. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या पुढच्या टोपणावर एक छोटीशी कडी असते, ती खास या तिवईसाठी. दोन बंदुका एकमेकींवर उभ्या राहत नाहीत, तीन राहतात. आपल्याला एका बंदुकीसाठी तेच करायचं आहे: दस्त्याचा तळ हा एक टेकू, आणि नळीला दोन बाजूंनी अडवणारी खाच हे बाकीचे दोन.

ही खाच कुठेही सापडते. भिंतीचा आतला कोपरा, जिथे दोन भिंती मिळतात. झाडाची बेचकी, खांद्याच्या उंचीच्या आसपासची. कुंपणाचा खांब आणि त्याला तिरकी ठोकलेली लाकडी पट्टी. दाराच्या चौकटीचा कोपरा मात्र नको, दार हलतं. सपाट भिंतीच्या मध्यावर बंदूक टेकवू नका. दोन पावलं चाललात तर कोपरा मिळेल.

झाडाला टेकवताना बुंध्याची साल खरखरीत असेल तर नळी सरकत नाही, पण गोल बुंध्यावर गोल नळी पुन्हा एका रेषेतच टेकते. बेचकी नसेल तर पट्टा कामाला येतो. पट्टा एका मजबूत फांदीच्या खुंटावर अडकवा, दस्ता जमिनीला टेकलेला असू द्या. वजन जमिनीवर आणि पट्टा फक्त आधाराला. पट्ट्याच्या कड्या आधी ओढून बघा. चापाच्या कड्याभोवती काटक्या, वेली नाहीत ना, हे वाकून बघा.

रॅक असेल तर प्रश्नच मिटला. खाचांना नमदा किंवा रबर लावलेला चांगला रॅक हा टेकवण्याचा सगळ्यात उत्तम मार्ग. एका खाचेत एकच बंदूक. दोन घातल्या की एक काढताना दुसरी पडते.

गाडीला टेकवायचीच असेल तर

माझं मत विचाराल तर टेकवू नका. गाडीजवळ बंदुकीची जागा पिशवीत किंवा पेटीत आहे. पण कधी पिशवी भिजलेली असते, कधी हात चिखलानं भरलेले असतात, आणि दोन मिनिटं ती कुठेतरी ठेवावी लागते. तेव्हा पुढची काळजी घ्या.

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आत कोणीही नाही. बंदूक ठेवून झाल्यावर दार, बॉनेट, डिकी यांपैकी काहीही उघडायचं किंवा आपटायचं नाही, म्हणून जे काही काढायचं ते आधीच काढून घ्या. उघड्या पिकअपचा हौदा असेल तर मागची फळी आणि बाजूची भिंत मिळतात तो कोपरा शोधा, तिथे नळीला दोन बाजूंचा आधार मिळतो. साध्या गाडीला असा कोपरा नसतो. तिथे चुंबकाचा, खाच असलेला रबरी टेकू मिळतो, तो वापरा. तो पत्र्याला चिकटतो आणि नळी खाचेत बसते. पण घेण्याआधी चुंबक तुमच्या गाडीला चिकटतो का ते बघा. हल्ली कितीतरी गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात, मडगार्ड प्लॅस्टिकचे असतात, त्यांना चुंबक धरत नाही. चिकटला तरी चुंबकाच्या तळाशी धूळ-खडी नाही ना ते पुसून बघा, नाहीतर रंगावर ओरखडे येतात. हाही टेकू रिकाम्या, उघड्या बंदुकीसाठीच आहे.

बंपरला आणि चाकांना बंदूक कधीही टेकवू नका. चाकाचं रबर नळीला छान धरतं, म्हणून तो मोह होतो. पण गाडीच्या पुढे-मागे आणि चाकाजवळ ठेवलेली वस्तू विसरली जाते, आणि गाडी तिच्यावरून जाते. टपावर ठेवलेली पेटी घेऊन गाडी निघून जाते, तीही याच जातीची चूक. यावर एक साधी युक्ती मी बरीच वर्षं वापरतो: गाडीची किल्ली बंदुकीच्या पिशवीत ठेवतो. पिशवी हातात घेतल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

गाडीच्या तापलेल्या भागांचंही ध्यान ठेवा. सायलेन्सरजवळ रबरी गादी वितळते, दस्त्याचं पॉलिश फोड येऊन निघतं.

आडवी ठेवताना

जमिनीवर पडलेली बंदूक आणखी खाली पडू शकत नाही. म्हणून कोपरा, बेचकी, रॅक काहीच नसेल तर मी बंदूक आडवी ठेवतो, आणि याबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. गवतावर सतरंजी किंवा पिशवी पसरा. बंदूक तिच्यावर उघडी, काडतूस बाहेर पडण्याची खिडकी वरच्या बाजूला म्हणजे वाळू आत जाणार नाही, नळीचं तोंड सगळ्यांपासून लांब आणि जमिनीला न टेकलेलं. वाटेवर नको, गाडीच्या मागे नको. वर टोपी किंवा भडक रुमाल टाका म्हणजे कोणी तुडवणार नाही.

तारेचं कुंपण ओलांडताना हाच नियम. बंदूक रिकामी करा, कुंपणाखालून आडवी पलीकडे सरकवा, तोंड तुमच्यापासून लांब. मग दोन-चार हात बाजूला जाऊन, दस्त्याच्या अंगाला कुंपण ओलांडा, आणि दस्त्याकडून जाऊन बंदूक उचला. खांबाला टेकवून तारेवर चढू नका, तार हलली की खांब हलतो. सोबती असेल तर एकानं दोघांच्या रिकाम्या बंदुका धरायच्या आणि दुसऱ्यानं आधी ओलांडायचं.

माणसं, मुलं, कुत्री

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पिकअपच्या मागच्या सीटवर रायफल ठेवलेली होती. कुत्र्याचा पाय तिच्यावर पडला, गोळी सुटली आणि पुढे बसलेला माणूस दगावला. कुत्र्याला सेफ्टी, चाप, नळीचं तोंड काही कळत नाही. ते शेपूट हलवत धावत येतं आणि टेकवलेल्या बंदुकीला अंग घासतं. म्हणून कुत्रं आधी बांधायचं किंवा गाडीत घालायचं, बंदूक नंतर ठेवायची. मुलं आसपास असतील तर टेकवणं बाद. पिशवीत घाला, पिशवी बंद करा, आणि काडतुसं वेगळ्या जागी, तुमच्या अंगावर.

टेकवलेल्या बंदुकीपासून हाताच्या अंतरापलीकडे जाऊ नका. जायचंच असेल तर ती पिशवीत जाते किंवा सोबती तिच्यापाशी उभा राहतो.

उचलताना

ठेवण्याइतकीच काळजी इथे हवी, कारण उचलणारा माणूस निश्चिंत असतो. बंदूक नळीला धरून आपल्याकडे ओढू नका. गाडीच्या सीटवरून, झुडपातून, कुंपणाखालून तोंडाकडून ओढलेली बंदूक हा जुना आणि पुन्हा पुन्हा घडणारा अपघात आहे. चाप सीटबेल्टच्या बकलात, फांदीत, पिशवीच्या बंदात अडकतो आणि तोंड नेमकं ओढणाऱ्याकडे असतं. म्हणून बाजूनं जा, एक हात दस्त्याच्या मानेला, दुसरा नळीखालच्या लाकडाला, बोट चापाबाहेर. उचलली की पुन्हा उघडून बघा, करंगळी घाला. तुम्हीच दोन मिनिटांपूर्वी रिकामी केली असेल, तरीही. मधल्या वेळात कोणी हात लावला नसेल असं धरून चालू नका.

पडलीच तर

पडणारी बंदूक झेलू नका. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, कारण हात आपोआप पुढे जातो. पण झपकन पकडणारी बोटं हमखास चापाच्या कड्यातच जातात. बाजूला व्हा, पडू द्या. दस्ता मोडला तर नवा बसतो.

पडल्यावर लगेच झडप घालू नका. तोंड कुठे आहे ते बघा, त्या बाजूच्या माणसांना हटवा, मग बाजूनं जाऊन उचला आणि उघडा. त्यानंतर नळी तपासा. चिखल, माती, बर्फ तोंडात गेला असेल आणि तशीच झाडली तर नळी फुटते, तिथे हलगर्जीला जागा नाही. बोल्ट काढून किंवा दुनळी मोडून मागच्या बाजूनं आकाशाकडे रोखून आत बघा. स्वच्छ नळीत उजेडाची एकात एक गोल कडी दिसतात. पोचा आला असेल तर त्यातलं एक कडं एका जागी दबलेलं किंवा तुटलेलं दिसतं. माझ्या दुनळीत तोंडापासून वीतभर आत ते असंच तुटलं होतं, बाहेरून बोटाला जेमतेम लागत होतं. शॉटगनच्या नळीची भिंत पुढच्या भागात मिलिमीटरभराहूनही पातळ असते, म्हणून छोट्या पोच्याकडेही दुर्लक्ष करू नका. त्या दिवशी ती बंदूक पुन्हा झाडू नका.

मग दस्त्याची मान बघा, पकडीजवळचा बारीक भाग. तिथे केसासारखी चीर गेलेली असते आणि ती पुढच्या बाराला उघडते. दोन्ही हातांनी अगदी हलकं वाकवून बघा, तेलाची बारीक रेघ चिरेतून वर येते. दुर्बिणीच्या कड्या सैल झाल्या नाहीत ना, नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी जागेवर आहे ना ते पाहा. दुर्बीण आपटली असेल तर बाहेरून काहीही दिसलं नाही तरी नेम सरकला आहे असंच समजा आणि पुढच्या वेळी कागदी लक्ष्यावर दोन-चार गोळ्या झाडून तपासा. सेफ्टी आणि चाप नेहमीसारखे वाटत नसतील तर बंदूक कारागिराकडे द्या.

टेकवून नेम धरताना

हा वेगळा विषय आहे, पण गाडी आणि भिंत इथेही येतात म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, आधार नळीखालच्या लाकडाला द्या, नळीला नाही. नळी कडक वस्तूला टेकलेली असेल तर गोळी सुटताना ती उसळते आणि नेम बहुतेक वर जातो. मध्ये वाळूची पिशवी किंवा घडी केलेलं जाड कापड हवं. दुसरी गोष्ट जीवावरची आहे. दुर्बिणीतून दिसतं तिथून नळी खाली असते, शिकारी रायफलीत साधारण चार सेंटिमीटर, काही लष्करी धाटणीच्या रायफलींत सहा-सात. दुर्बिणीत समोरचं मैदान मोकळं दिसतं आणि नळीच्या तोंडासमोर मात्र भिंतीची कड, बॉनेट किंवा आरसा असतो. गोळी त्यातच घुसते किंवा आदळून कुठेही उडते. चापावर बोट ठेवण्याआधी डोकं उचला आणि नळीच्या रेषेत नजर टाका. तोंड कडेच्या पुढे काढलेलंच असलं पाहिजे.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर टेकवायचा प्रश्नच येत नाही. ते होल्स्टरमध्ये राहतं किंवा पेटीत. बॉनेटवर, टपावर, सीटवर क्षणभरही नाही.

घरी आल्यावर बंदूक पुन्हा भिंतीला टेकवली जाते, तीही सवय सोडा. थेट पुसायच्या टेबलावर, उघडी, आणि पुसून झाली की कुलपात. तेल जास्त लावलं असेल तर काही दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असलं की तेल हळूहळू दस्त्याच्या लाकडात उतरतं आणि मानेचं लाकूड मऊ करतं, आणि पडल्यावर आधी तीच मान चिरते.